साभार पोच

मासिकाच्या शेवटच्या पानांवर, जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात एक मजकूर असतो. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. आणि त्याखाली कधी दहा ओळी, कधी चार, तर कधी एकही नाही. वर मथळा असतो 'पुस्तक-परिचय', 'अभिप्राय', 'स्वीकार', किंवा नुसताच 'साभार पोच'. वाङ्मयाचे इतिहासकार या मजकुराकडे फारसे पाहत नाहीत. मोठ्या टीकालेखांचे संग्रह निघतात, त्यांवर प्रबंध लिहिले जातात. या बारीक टायपाची मात्र रद्दी होते. आज आपल्यापुढे मी या रद्दीविषयीच बोलणार आहे.

याचे कारण साधे आहे. ज्याच्या खिशात महिन्याला एका पुस्तकापुरतेच पैसे आहेत, किंवा ज्या लहान वाचनालयाला वर्षाकाठी पंधरा-वीसच पुस्तके घेता येतात, त्याला टीकालेख वाचून पुस्तक निवडणे परवडत नाही. टीकालेख हा पुस्तक वाचून झालेल्या माणसासाठी असतो. पुस्तक घ्यावे की न घ्यावे हे ठरविणारा माणूस या दहा ओळी वाचतो. मी स्वतः सातवीनंतर शाळा पाहिली नाही. कारखान्यात लागलो, आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते अशा दहा ओळींच्या भरवशावर निवडून वाचले. तेव्हा या ओळी कोण लिहीत आला, कोणासाठी लिहीत आला, आणि कोणत्या पुस्तकांच्या वाट्याला त्या आल्याच नाहीत, हा हिशेब मांडण्याचा मला थोडा हक्क आहे असे मी समजतो.

हिशेबाची सुरुवात एका चमत्कारिक ठिकाणाहून करावी लागते. आपल्याकडे प्रत्येक नव्या पुस्तकाची नोंद नियमाने घेणारा पहिला संपादक म्हणजे इंग्रज सरकार. १८६७ साली सरकारने पंचविसावा कायदा केला. छापखाने, वर्तमानपत्रे आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा हा कायदा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत, आणि त्यांचा तक्ता दर तिमाहीस सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. सरकारला वाङ्मयाची गोडी लागली होती म्हणून नव्हे; १८५७ चा दणका बसून दहाच वर्षे झाली होती, आणि रयत काय छापते व काय वाचते हे राज्यकर्त्याला कळावयास हवे होते. पण त्या तक्त्याचे रकाने पाहा: पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता किंवा भाषांतरकार, विषय, छापण्याचे व प्रसिद्धीचे ठिकाण, छापणाराचे नाव, तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती काढल्या, खिळ्यांवर छापले की शिळेवर, किंमत काय, आणि हक्क कोणाकडे.

मी मस्टर आणि पगारपत्रके वाचण्यात उमेद घालविलेला माणूस आहे. मला हा तक्ता मस्टरसारखा दिसतो. मस्टरमध्ये फोरमनची ओळ जेवढी, तेवढीच झाडूवाल्याची. या तक्त्यातही शास्त्रीबोवांच्या व्याकरणाला एक ओळ आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या लावण्यांच्या चोपड्यालाही एकच ओळ. शिवाय प्रती किती आणि किंमत काय, हे दोन रकाने असे आहेत की आजच्या पुष्कळ परीक्षणांत त्यातला पहिला कधीच सापडत नाही. राज्यकर्त्याचा हेतू पहारा ठेवण्याचा होता, हे खरे. पण त्या पहाऱ्यामुळे जी कागदपत्रे झाली त्यांचाच उपयोग करून न्यायमूर्ती रानड्यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर आपले टिपण लिहिले. कोणत्या विषयावर किती पुस्तके निघतात, कोठे भर आहे आणि कोठे तूट आहे, हे मोजून सांगणारे ते लिखाण आहे. आपल्या व्याख्यानमालांचा वंश ज्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेपासून चालत आला ती १८७५ साली सुरू करणारेही रानडेच. त्यांना मोजदादीची लाज वाटत नव्हती, ही गोष्ट मला फार आवडते.

सरकारच्या तक्त्यात मत मात्र नव्हते. मताचे काम मासिकांनी अंगावर घेतले. योगायोग असा की, ज्या वर्षी तो कायदा झाला त्याच वर्षी, १८६७ मध्ये, 'विविधज्ञानविस्तार' निघाले. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे त्याचे आद्य संपादक. हे मासिक १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे चालले, आणि नव्या ग्रंथांचे परीक्षण हे त्याने आपले एक नेहमीचे काम मानले. त्याच्या आधी 'दर्पण' (१८३२), 'प्रभाकर' (१८४१), 'ज्ञानप्रकाश' (१८४९), 'मराठी ज्ञानप्रसारक' (१८५०) ही पत्रे होती. पण त्या काळात मराठी पुस्तक निघाले ही बातमीच पुरेशी मोठी असे. पुस्तके थोडी, वाचणारे त्याहून थोडे. मराठीत कोणी काही लिहिले एवढ्यानेच त्याची पाठ थोपटावयाची, असा रिवाज होता. त्यात चूक काही नव्हती. बाळसे धरू लागलेल्या मुलाचे वजन रोज करीत नाहीत.

पुस्तके वाढली आणि मग प्रश्न आला कादंबऱ्यांचा. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, आणि गुंजीकरांची स्वतःची 'मोचनगड' पुस्तकरूपाने १८७१ ची. यांतल्या पहिल्या पुस्तकात विधवांची दुःखे आहेत. मधल्या दोहोंत राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांची गर्दी आहे. 'मोचनगडा'त शिवकाल आहे. वाचकांच्या उड्या कोठे पडल्या हे सांगावयास नकोच. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक' या विषयावर निबंध लिहून या प्रकाराची झडती घेतली. त्या पिढीच्या परीक्षकाला कादंबरी हातात घेतली की दोनच गोष्टी विचारावयाच्या असत: हे असे घडू शकते काय, आणि हे पोरासोरांच्या व बायकांच्या हाती द्यावे काय? पहिला प्रश्न वाङ्मयाचा आहे. दुसरा पहारेकऱ्याचा आहे. पुढली पाऊणशे वर्षे हे दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळून गेले की पुष्कळ अभिप्रायांत ते वेगळे काढता येत नाहीत.

पण खरा निवाडा छापण्याच्या आधीच होत असे. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी होती. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या पैशांतून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे देणे हे तिचे काम. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहून तिच्याकडे पाठविले. अडाणी कुणबी नवरा-बायको, त्यांना नाडणारा जोशी, आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय, असे ते नाटक आहे. कमिटीने ते पसंत केले नाही. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त (१८७३) लिहून ठेवले. ते नाटक छापून लोकांसमोर यावयास १९७९ साल उजाडले. म्हणजे एका नकारात्मक अभिप्रायाचे आयुष्य एकशे चोवीस वर्षांचे! रात्रशाळेत शिकून मोठी झालेली माणसे या सभेत आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी हे नाटक पाहिले असते तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. आता मी फुल्यांच्या बाजूचा माणूस. पण विष्णुशास्त्र्यांचे देणे नाकारणे हा अन्याय होईल. पुस्तकाविषयी बोलताना कर्त्याच्या वयाकडे, हुद्द्याकडे वा स्नेहाकडे पाहू नये, दोष असेल तर उघड सांगावा, ही हिंमत त्यांनी मराठी परीक्षणाला दिली. पाठ थोपटण्याचा रिवाज त्यांनी मोडला. मेकॉलेची छाप त्यांच्यावर होती, आणि मेकॉलेची खोडही त्यांनी उचलली. 'एडिंबरो रिव्ह्यू'त मेकॉले पुस्तकाचे नाव वर घेई आणि पुढे पन्नास पाने आपलेच व्याख्यान देई. लांब परीक्षणाची ही सोय आहे. त्यात पुस्तक विसरता येते. दहा ओळी लिहिणाराला ती चैन परवडत नाही.

फुल्यांच्या पुस्तकांवर विष्णुशास्त्र्यांनी लिहिले ते वाचताना माझ्यासारख्याच्या ध्यानात प्रथम एक गोष्ट येते. टीकेचा मोठा रोख भाषेवर आणि व्याकरणावर आहे. शब्द अशुद्ध, वाक्ये बेडौल, माहिती कच्ची. यातले काही दोष खरेही असतील. पण पुस्तक म्हणते काय, शेतकऱ्याच्या खळ्यातले धान्य कोठकोठे जाते, हा जो मूळ मुद्दा त्याची दखल वाचकाला मिळत नाही. कारखान्यात आम्हांला याचा अनुभव आहे. कामगाराने मोडक्यातोडक्या भाषेत तक्रार-अर्ज दिला की साहेब प्रथम अर्जातले शुद्धलेखन तपासतो. अर्ज परत येतो, आणि यंत्राचे उघडे पाते उघडेच राहते. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती, तिला येण्याविषयी रानड्यांनी जोतीरावांना विचारले. त्यांनी पत्र लिहून नकार कळविला. ज्यांच्या ग्रंथांत सर्व माणसांचे हक्क मान्य नाहीत त्यांच्या मेळ्यात आपल्या लोकांनी मिसळून उपयोग नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यामागे तीस वर्षांचे अभिप्राय होते.

असे असले तरी एका बाजूला जुलमी आणि दुसऱ्या बाजूला सज्जन, अशी ही गोष्ट नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यास श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेचा खटला वर्तमानपत्रांत गाजत होता. बायकांच्या नीतीवर पुरुषांचे कॉलम भरून वाहत होते. त्या रागातून हे पुस्तक लिहिले गेले. कादंबऱ्यांतल्या आणि पोथ्यांतल्या बायकांची चित्रेही ताराबाईंनी झोडपली आहेत, म्हणजे एका अर्थी ते पुस्तकांचे परीक्षणच आहे. त्याचे स्वागत कसे झाले? टवाळीने, आणि ती करणाऱ्यांत सत्यशोधक बाजूचे लोकही होते. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांचे कान उपटले आणि ताराबाईंची बाजू घेतली. तेवढाच एक अनुकूल अभिप्राय. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. हे पहिलेही विसरले गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापले तेव्हा लोकांस ठाऊक झाले. पुस्तकावर सडकून टीका झाली तर ते निदान वादात जगते. चेष्टा झाली आणि मग सगळे गप्प बसले, तर ते मरते.

१८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा देशभाषेतील ग्रंथांचा परामर्श घेणे हेही त्याने आपले एक काम म्हणून जाहीर केले होते. पुढे 'करमणूक' (१८९०), 'मनोरंजन' (१८९५), मग 'रत्नाकर', 'यशवंत', 'किर्लोस्कर', 'ज्योत्स्ना', अशी मासिकांची रांग लागली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखे परीक्षक एकेका पुस्तकावर पानेच्या पाने लिहीत. मात्र मोठे परीक्षण एखाद्या पुस्तकाच्या वाट्याला येई. उरलेल्या ढिगाला बारीक टायप. तेव्हापासून या व्यवहाराचे दोन मजले झाले, ते आजतागायत तसेच आहेत.

खालच्या मजल्यावरचा कारभार कसा चाले तेही सांगितले पाहिजे. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, असा मासिकांचा नियम. एक प्रत परीक्षकाकडे जाई. पुष्कळदा तीच त्याची बिदागी. दुसरी कचेरीत राही. मुंबईत फोर्टातल्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना मी 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारलेली कितीतरी पुस्तके विकत घेतली आहेत. त्यांतल्या काहींची पाने कापलेलीसुद्धा नव्हती. बांधणीत जोडून राहिलेली पाने पट्टीने कापून आम्ही ती वाचली. अभिप्राय त्यावरही छापून आला असेलच! प्रस्तावना आणि मलपृष्ठ यांवरून दहा ओळी लिहिता येतात, ही विद्या जुनी आहे. दुसऱ्या बाजूने प्रकाशकही तयार झाले. दहा ओळींतली दीड ओळ उचलून पुढल्या आवृत्तीच्या शेवटी 'वृत्तपत्रांचे अभिप्राय' म्हणून छापावयाची. 'भाषा प्रौढ आहे, परंतु' यातला 'परंतु' वगळला की उत्तम प्रशस्तिपत्र तयार होते.

या मजल्यावर कामगार कधी आला? मामा वरेरकरांची 'धावता धोटा' १९३३ साली निघाली आणि गिरणीचा साचा मराठी कादंबरीत आला. १९३५ साली लालजी पेंडशांनी 'साहित्य आणि समाजजीवन' लिहून, वाङ्मय कोणत्या वर्गाच्या पोटातून निघते, हा प्रश्न विद्वानांच्या बैठकीत मांडला. पण हे झाले कामगारांविषयी दुसऱ्यांनी लिहिणे. कामगाराने स्वतः लिहिलेल्या पुस्तकाला अभिप्राय कोण देणार? अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेलेले, मुंबईत हमाली आणि गिरणीकाम केलेले. त्यांची 'फकिरा' १९५९ साली निघाली ती वि. स. खांडेकरांची प्रस्तावना घेऊन. १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. खांडेकरांनी ते काम मोकळ्या मनाने केले, त्यांचे उपकारच आहेत. तरीही ध्यानात घ्या, पांढरपेशा लेखकाच्या पुस्तकाला जे प्रवेशपत्र पुस्तक निघाल्यावर मासिकातून मिळे, ते या लेखकाला पुस्तकाच्या आतच शिवून आणावे लागले. कारखान्याच्या गेटवर पाहुण्याला ओळखीच्या माणसाची सही लागते, तसे. १९६२ साली नारायण सुर्व्यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६३ साली बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' ही पुस्तके आली, आणि मग ओळख विचारण्याची सोय उरली नाही.

१९६४ च्या जानेवारीत केशवराव कोठावळे यांनी 'ललित' काढले. पुस्तके, लेखक आणि प्रकाशक एवढाच विषय असलेले मासिक, तेही पुस्तकविक्रेत्याने काढलेले. विकणाराने मालाची परीक्षा करावी काय, अशी शंका कोणीही घेईल. मीही ती घेतली असती. पण 'ललित'ने दोन गोष्टी केल्या. नव्या पुस्तकांची वार्ता पुण्या-मुंबईबाहेरच्या ग्रंथपालापर्यंत नियमाने पोहोचविली. आणि जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळा'ला त्याच पानांत लेखक, टीकाकार आणि प्रकाशक या सर्वांची टोपी उडविण्याची मुभा दिली. आपल्या दुकानात आपलीच थट्टा चालू देणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही.

आता एक घरचा दाखला. १९९७ साली आमच्या युनियनने एका जुन्या लांबलेल्या संपाची हकीकत पुस्तिका करून छापली. तारखा, करार, बडतर्फ झालेल्यांच्या नोकऱ्यांचे पुढे काय झाले, बायकांनी घरे कशी चालविली, असे सगळे लोकांना विचारून लिहिलेले. दोन प्रती एका प्रतिष्ठित मासिकाकडे पाठविल्या. आठ महिन्यांनी एक ओळ आली: नाव, पृष्ठे, किंमत, साभार पोच. तिच्यामुळे एकही प्रत खपली नाही. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाने बारा ओळी लिहिल्या. त्यात त्याने आम्हांला टोचलेही होते की, मालकाची बाजू पुस्तिकेत धड मांडलेली नाही आणि शेवटची दहा पाने म्हणजे भाषण आहे. पण पुस्तिकेत काय आहे ते त्याने नेमके सांगितले होते, आणि ती कोठे मिळेल ते दिले होते. पंधरा दिवसांत मनिऑर्डरी सुरू झाल्या. मालेगावहून, इचलकरंजीहून, यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या. एका कार्डावर लिहिले होते की, शेवटची दहा पाने भाषण आहे असे कळते, तर तेवढी पाने काढून किंमत कमी करता येईल काय?

असा बारा ओळींचा मजकूर लिहिणे सोपे काम नाही. कादंबरी असेल तर कथानक फोडावयाचे नाही, आणि तरी ती कोणत्या जगातली आहे हे कळावयास हवे. इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे पुस्तक असेल तर लेखकाने कागदपत्रे स्वतः पाहिली की दुसऱ्याची पुस्तके पाहून लिहिले, हे एका वाक्यात सांगावयास हवे; सूची आहे काय, नकाशे आहेत काय, टाइप म्हाताऱ्या डोळ्यांना वाचवेल काय, हेही. आमच्या युनियन कचेरीतल्या वाचनालयात पुस्तक परत करणाराने वहीत दोन ओळी लिहाव्यात असा नियम आम्ही ठेवला आहे. पुष्कळ जण 'चांगले आहे' एवढेच लिहितात. पण एका फिटरने एका जाड ऐतिहासिक कादंबरीवर लिहिले आहे की, लढाया बऱ्या आहेत, पण एवढ्या फौजेला भाकरी कोण घालीत होते ते लेखकाने चारशे पानांत सांगितलेले नाही. याहून चांगले परीक्षण त्या कादंबरीवर झालेले मला माहीत नाही.

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतली पुस्तकांची जागा अलीकडे आक्रसत गेली आहे, हे आपण पाहतोच. त्याऐवजी मोबाइलवर कोणीही पाच ओळी लिहू शकतो, ही गोष्ट मला तरी वाईट वाटत नाही. ज्याला दक्षिणा कमिटीची परवानगी लागत नाही अशी ती पहिलीच जागा आहे. फक्त त्या पाच ओळी पुष्कळदा लेखकाच्या मेहुण्याच्या असतात.

आणि तो १८६७ चा तक्ता? स्वातंत्र्यानंतरही तो कायदा चालूच राहिला. १९५४ साली दुसरा एक कायदा झाला. त्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांस पाठवावयाची असते. जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि त्यात नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. म्हणजे नव्या पुस्तकाच्या किती प्रती काढल्या हे विचारणारे कायद्याने बांधलेले खाते आता उरलेले नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पाठवावयाची प्रतही पुष्कळ लहान प्रकाशक पाठवीत नाहीत. टपालखर्च अंगावर येतो म्हणून. आमची दुसरी पुस्तिका गेल्या वर्षी निघाली तेव्हा आम्ही चारही ठिकाणी प्रती पाठविल्या. त्यांतल्या एका ठिकाणाहून छापील कार्ड आले आहे. त्यावर पुस्तिकेचे नाव बरोबर लिहिलेले आहे.